एनट्रीच्या मैदानावर घोड्याआधी माती

इंग्लंडमधील ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांच्या शर्यतींमधली सर्वांत नावाजलेली शर्यत. ती कोण जिंकणार याचा अंदाज बांधणारे लोक घोड्याची मागची कामगिरी तर चाळतातच, पण त्याआधी पायाखालची जमीन पाहतात. असे का, हे एनट्रीच्या मैदानाला एक फेरी मारली की समजते.

लिव्हरपूल सेंट्रल स्थानकातून ऑर्म्सकर्ककडे जाणारी मर्सीरेलची गाडी पकडली की वीसेक मिनिटांत एनट्री येते. स्थानकाबाहेर पडावे तर रस्त्यापलीकडेच रेसकोर्स. वर्षातील बहुतेक दिवस हे एक साधेसुधे उपनगर असते. लाल विटांची घरे, दुकाने, बसचा थांबा. एप्रिलमध्ये गुरुवार ते शनिवार असे तीन दिवस मात्र त्याचे रूप पालटते. आगगाड्या खच्चून भरून येतात, शुक्रवारी महिला ठेवणीतले कपडे आणि टोप्या घालून मिरवतात, आणि शनिवारी दुपारी सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसतो. एरवी शर्यतीकडे ढुंकूनही न पाहणारी कुटुंबे त्या दिवशी घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून एकेक उचलतात. आजीला कोणता घोडा आला आणि नातवाला कोणता, यावरून घरात दिवसभर चेष्टामस्करी चालते.

आपल्याकडे मुंबईला महालक्ष्मीला किंवा पुण्याला ज्या शर्यती होतात त्या सपाटीवरच्या. दीड-दोन मिनिटांत सारे आटोपते. एनट्रीचा प्रकार निराळा आहे. येथे घोड्याला सुमारे ६.९ किलोमीटर धावायचे असते आणि वाटेत ३० अडथळे ओलांडायचे असतात. मैदानावर अडथळे एकूण १६. त्यांतले १४ दोन्ही फेऱ्यांत लागतात, चेअर आणि पाण्याचा अडथळा हे दोन फक्त पहिल्या फेरीत. पाठीवर स्वार आणि वजन धरून ६५ ते ७५ किलोंचा भार. सर्वांत सरस घोड्याला सर्वांत जास्त वजन, कमजोर घोड्याला कमी, अशी ही तोलून मापून केलेली शर्यत असल्यामुळे कागदावर सगळेच घोडे बरोबरीचे दिसू लागतात. मग अंदाज बांधणाऱ्याने धरायचे काय?

येथेच मातीचा प्रश्न येतो.

इंग्रज मंडळी मैदानाच्या स्थितीला 'गोइंग' म्हणतात. तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. चिखल झालेले मैदान 'हेवी', ओले ते 'सॉफ्ट', मग 'गुड टू सॉफ्ट', 'गुड', 'गुड टू फर्म', कोरडे टणक ते 'फर्म', आणि अगदीच दगड झाले तर 'हार्ड'. मराठी शेतकऱ्याला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. पाऊस पडून गेल्यावर तो शेतात जातो, टाचेने ढेकूळ दाबून पाहतो, माती पायाला चिकटते की फुटते ते बघतो आणि 'वाफसा आला' किंवा 'अजून नाही' असे सांगतो. एनट्रीच्या अधिकाऱ्यांना शर्यतीच्या दिवशी हवा असतो तो जवळपास हाच वाफसा, म्हणजे 'गुड टू सॉफ्ट'. खूर किंचित रुतावा, पण अडकू नये. टाप बसावी, पण सांध्याला हिसका बसू नये.

पूर्वी हे काम काठी आणि बुटाची टाच यांवरच चाले. मैदानाचा प्रमुख अधिकारी, ज्याला 'क्लर्क ऑफ द कोर्स' म्हणतात, तो पहाटे काठी घेऊन निघायचा आणि जागोजागी ती जमिनीत खुपसून अंदाज सांगायचा. आजही तो चालतोच, पण हातात 'गोइंगस्टिक' नावाचे उपकरण असते. त्याचे पाते सुमारे १० सेंटिमीटर जमिनीत दाबायचे आणि मग दांडा ४५ अंशांपर्यंत मागे ओढायचा. दाबताना किती जोर लागला त्यावरून घोड्याचा पाय पडताना जमीन कशी वागेल ते कळते, आणि ओढताना किती लागला त्यावरून तो पाय उचलून पुढे झेपावताना काय होईल ते. मैदानभर अशी पुष्कळ ठिकाणे तपासून सरासरी आकडा जाहीर करतात. आकडा लहान तितकी जमीन ओली. तरीही बरेच जुने प्रशिक्षक या आकड्यावर विसंबत नाहीत. ते स्वतः चालून येतात, आणि चिखलाने भरलेला बूट हाच त्यांचा अहवाल असतो.

दोन वर्षे, एकच मैदान

मातीमुळे किती फरक पडतो हे पाहायला दोन शर्यती पुरेत.

१९९० साली वसंत कोरडा गेला होता. मैदान टणक होते. मिस्टर फ्रिस्क नावाच्या घोड्याला अशीच जमीन मानवत असे. मार्कस आर्मिटेज या हौशी स्वाराने त्याला पुढे काढले आणि ८ मिनिटे ४७.८ सेकंदांत शर्यत जिंकली. ग्रँड नॅशनल नऊ मिनिटांच्या आत पूर्ण होण्याची ती पहिली वेळ.

२००१ साली नेमके उलटे घडले. पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. ४० घोडे सुटले. कॅनाल टर्नपाशी स्वार पडलेला एक मोकळा घोडा अडथळ्यासमोर आडवा धावला आणि एका दमात कितीतरी घोडे शर्यतीबाहेर गेले. राहिलेले चिखलात थकून गळत गेले. न पडता शेवट गाठला तो फक्त दोघांनी, रेड मरॉडर आणि स्मार्टी यांनी. ब्लोइंग विंड आणि पॅपिलॉन या घोड्यांचे स्वार वाटेत उतरले होते. ते पुन्हा वर चढले आणि रमतगमत तिसरे-चौथे आले. (असे पुन्हा चढून शर्यत पुरी करण्यावर २००९ पासून बंदी आहे आणि ती योग्यच म्हटली पाहिजे.) रेड मरॉडरला ११ मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागला. मिस्टर फ्रिस्कपेक्षा सव्वादोन मिनिटे जास्त! हाच रेड मरॉडर आदल्या वर्षी याच शर्यतीत पडला होता. केवळ मागची कामगिरी पाहणाऱ्याने त्याच्या नावावर काट मारली असती, आणि पुष्कळांनी ती मारलीही होती.

चिखलाचा असा तडाखा नवा नाही. १९२८ साली ४२ घोड्यांपैकी दोनच परतले होते, आणि त्यांतला दुसरा शेवटच्या अडथळ्यावर पडून पुन्हा स्वार चढवून आलेला. त्या दिवशी जिंकलेल्या टिपेररी टिमचा भाव होता एकाला शंभर.

पायी फेरी

शर्यतीपूर्वी जॉकी मैदानाची फेरी पायी मारतात. अनुभवी स्वार नवख्याला सोबत घेतो. त्यांच्या मागोमाग मनाने चालले तरी बरेच काही दिसते.

अडथळे दुरून हिरवेगार कुंपणासारखे दिसतात, कारण त्यांवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या रचलेल्या असतात. पूर्वी आत लाकडी चौकट असे. २०१३ पासून तिच्या जागी लवचिक प्लॅस्टिकचा गाभा आला, म्हणजे घोड्याची छाती आदळली तर तो वाकतो. पहिला अडथळा फसवा. सुटताक्षणी सगळे वेगात असतात आणि तेथेच घोडे पडतात. म्हणून २०२४ पासून तो सुटण्याच्या जागेच्या सुमारे ५५ मीटर जवळ आणला आहे. मध्ये धावायला अंतरच कमी, त्यामुळे वेगही कमी.

सहावा अडथळा बीचर्स ब्रुक. १८३९ च्या पहिल्या शर्यतीत कॅप्टन बीचर हा स्वार येथे ओढ्यात पडला आणि नाव कायमचे चिकटले. उंची साधारण १४७ सेंटिमीटर, त्यात विशेष काही नाही. फसगत पलीकडे आहे. तिकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे घोड्याला जेथे पाय टेकेल असे वाटते तेथे जमीन नसतेच. वेळोवेळी भर घालून हा फरक आता पुष्कळ कमी केला आहे. तरी जॉकी येथे थांबतातच. ते उंची पाहत नाहीत, पाय टेकण्याची जागा पाहतात. तेथे ओल आहे का? गवताचे थर निघाले आहेत का? गुरुवारी आणि शुक्रवारी याच अडथळ्यांवरून फॉक्सहंटर्स आणि टॉपहॅम या दोन शर्यती झालेल्या असतात. आतल्या कडेची जमीन त्या घोड्यांनी खणून काढलेली असते. मग जवळच्या वाटेने जाऊन उकरलेल्या मातीत पाय घालायचा, की बाहेरून दोन-चार मीटर जास्त धावून शाबूत गवत मिळवायचे? जॉकीचा अर्धा डाव येथेच ठरतो.

सातवा फॉइनॅव्हन. मैदानावरच्या सर्वांत बुटक्या अडथळ्यांपैकी एक. १९६७ साली दुसऱ्या फेरीत येथे मोकळे घोडे आडवे आले आणि अख्खा कळप एकमेकांवर आदळून थांबला. खूप मागे रेंगाळत असलेला फॉइनॅव्हन त्या गोंधळातून वाट काढत पार झाला आणि जिंकला. त्याचाही भाव एकाला शंभर. अडथळ्याला नाव मिळाले ते त्याचेच.

पुढे कॅनाल टर्न. येथे लीड्स-लिव्हरपूल कालवा शेजारून जातो आणि उडी मारून होताच डावीकडे काटकोनात वळावे लागते. मग व्हॅलेंटाइन्स ब्रुक, आणि फेरी संपत येताना प्रेक्षकांसमोर चेअर. हा सर्वांत उंच, सुमारे १५७ सेंटिमीटर, आणि अलीकडे सहा फुटी खंदक. शेवटचा अडथळा संपला म्हणजे शर्यत संपली असे मात्र नाही. त्यानंतर साधारण ४५० मीटरची मोकळी धाव आहे आणि तिला मध्येच एक बाक आहे. ओल्या मैदानावर हे अंतर संपता संपत नाही. १९५६ साली राजमातेचा डेव्हन लॉक येथे स्पष्ट पुढे होता आणि विजयाच्या खांबापासून जेमतेम ५० यार्डांवर तो एकाएकी पोटावर बसला. का, याचा उलगडा अजून झालेला नाही. त्याचा स्वार डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथांचा लेखक म्हणून जगभर गाजला.

आकड्यांची ओळ

आता घोड्याची कामगिरी. छापील शर्यतपुस्तकात प्रत्येक नावाआधी आकड्यांची आणि अक्षरांची एक ओळ असते. ती डावीकडून उजवीकडे वाचायची, सर्वांत ताजी शर्यत सर्वांत उजवीकडे. आकडा म्हणजे क्रमांक. शून्य म्हणजे नववा येण्याचीही मजल नाही. 'एफ' म्हणजे घोडा पडला, 'यू' म्हणजे स्वार पडला, 'पी' म्हणजे स्वाराने मध्येच थांबवला, 'आर' म्हणजे घोड्याने उडी नाकारली, 'बी' म्हणजे दुसऱ्याने पाडला. आडवी रेघ आली की मागचा हंगाम संपला.

नवखा माणूस यात १ कुठे दिसतो तेवढे शोधतो. जाणकार प्रत्येक आकड्याखाली त्या दिवशीची जमीन लिहून ठेवतो. तीन विजय दिसतात, पण तिन्ही कोरड्या मैदानावरचे. आणि ते 'पी'? ते डिसेंबरच्या चिखलातले. म्हणजे घोडा वाईट नव्हता, जमीन वाईट होती. शनिवारी पाऊस आला तर हा नको. कोरडे राहिले तर हाच. 'एफ' आणि 'बी' यांतला फरकही मोठा आहे. जो स्वतः पडला त्याच्या उडीत खोट असेल, जो दुसऱ्यामुळे पडला त्याचा काय दोष? याशिवाय एनट्रीचे अडथळे पूर्वी पाहिले आहेत का, हे महत्त्वाचे. डिसेंबरच्या सुरुवातीला याच अडथळ्यांवर बीचर चेस होते. तिच्यातली कामगिरी बरेच काही सांगून जाते.

सात वर्षांखालील घोड्याला येथे प्रवेशच नाही. सात वर्षांचा घोडा १९४० नंतर जिंकलाच नव्हता, त्यामुळे तो अनुभवाअभावी जिंकूच शकत नाही असा नियम लोकांनी मनाशी करून टाकला होता. २०२२ साली नोबल येट्सने तो मोडला. असे नियम एनट्रीला फार टिकत नाहीत.

वजनाचे उदाहरण हवे तर १९७३ कडे जावे. ऑस्ट्रेलियाहून आलेला धिप्पाड क्रिस्प ७६ किलो घेऊन धावत होता, म्हणजे रेड रमपेक्षा साडेदहा किलो जास्त. मैदान टणक असल्याने त्याने सुरुवातीपासून वेग धरला आणि इतकी आघाडी घेतली की बाकीचे दिसेनात. शेवटच्या मोकळ्या धावेत मात्र त्याचे पाय जड झाले. रेड रम इंचाइंचाने जवळ आला आणि पाऊण लांबीने जिंकला. दोघांनीही १९३४ पासूनचा जुना विक्रम साडेअठरा सेकंदांच्या आसपास फरकाने मोडला. हरणाऱ्या घोड्याने विक्रम मोडावा आणि तरी त्याच्या वाट्याला दुसरा क्रमांक यावा, अशी उदाहरणे थोडी. क्रिस्पविषयी इंग्रज माणूस अजून हळवेपणाने बोलतो.

रेड रमची गोष्ट पाहायची तर एनट्रीहून फार लांब जावे लागत नाही. लिव्हरपूलच्या उत्तरेला समुद्रकाठी साउथपोर्ट आहे, तेथपर्यंत लोकल जाते. जिंजर मॅकेन हा मोटारींचा विक्रेता तेथे आपल्या दुकानामागच्या तबेल्यात घोडे ठेवी. त्याच्याजवळ गवताची आखीव धावपट्टी नव्हती, म्हणून तो त्यांना किनाऱ्यावरच्या वाळूत पळवत असे. रेड रमच्या पायाच्या हाडाला दुखणे होते. ओली वाळू आणि समुद्राचे खारे पाणी त्याला मानवले. जो घोडा कायम लंगडा व्हायचा तो १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकला आणि मधल्या दोन वर्षी दुसरा आला. १९९५ साली तो गेला, तेव्हा त्याला एनट्रीच्या विजयाच्या खांबाजवळच पुरले. आजही लोक तेथे फुले ठेवतात.

पाणी सोडावे की नाही

आता सर्वांत अवघड निर्णय. तो जॉकीचा नाही, मैदान सांभाळणाऱ्याचा आहे. एप्रिलमध्ये लिव्हरपूलला कधी आयरिश समुद्रावरून पावसाची झड येते, कधी आठवडाभर कोरडा वारा सुटतो. बुधवारी मैदान सुकायला लागले तर पाण्याचे फवारे सुरू करायचे का? केले आणि शुक्रवारी रात्री पाऊस आला तर शनिवारी चिखल. नाही केले आणि ऊन पडले तर मैदान टणक. वेगवान जमीन मानवणाऱ्या घोड्यांचे मालक पाणी पाहून नाराज होतात. निसर्गाने दिलेली जमीन माणसाने का बदलावी, असे ते विचारतात.

त्यांचे म्हणणे ऐकायला रास्त वाटते. पण टणक जमिनीवर वेग वाढतो, वेगात पडणे जास्त जीवघेणे असते, आणि येथे पडणाऱ्याचे वजन अर्धा टन असते. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी शर्यतीत दोन-दोन घोडे मेले. २०१२ मध्ये मेलेल्यांत सिंक्रोनाइज्ड होता. महिनाभरही झाला नव्हता, त्याने चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला होता. कामगिरी म्हणाल तर त्याच्याइतकी झळझळीत कोणाचीच नव्हती. त्यानंतर अडथळ्यांचा गाभा बदलला, आणि २०१३ ते २०१८ या सहा शर्यतींत एकही घोडा दगावला नाही. सगळ्यांना हायसे वाटले. पण २०१९ पासून पुन्हा मृत्यू झाले. २०२३ मध्ये निदर्शकांनी मैदानात शिरून शर्यत रोखून धरली. ती उशिरा सुरू झाली आणि पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन मेला. दोष निदर्शकांचा की शर्यतीचा, यावर बराच वाद झाला.

२०२४ पासून घोडे ४० ऐवजी ३४ च सोडतात आणि शर्यत सव्वापाचऐवजी चार वाजता होते. वेळ अलीकडे ओढण्यामागचे एक कारण पुन्हा मातीच. दुपारभर ऊन-वारा लागून मैदान सुकत जाते, ते सुकण्याआधीच घोडे धावून जावेत. त्या वर्षी ओल्या मैदानावर आय ॲम मॅक्सिमस जिंकला, २१ घोडे परतले आणि एकही घोडा उडी चुकून पडला नाही. २०२५ मध्ये पॅट्रिक मुलिन्स या हौशी स्वाराने निक रॉकेटला विजयी केले. घोड्याचे प्रशिक्षक त्याचे वडील विली मुलिन्स, आणि बापाला बोलता बोलता रडू आले. त्याच शर्यतीत १३ वर्षांचा सेलेब्र दालेन शेवटच्या टप्प्यात कोसळला आणि काही दिवसांनी मेला. जमीन चांगली होती. वय आणि थकवा यांवर फवाऱ्याचे पाणी काय करणार?

एनट्रीला आलेल्या घोड्यांना पशुवैद्य तपासतात, चालवून-पळवून पाहतात. शनिवारी सकाळी जमिनीचा ताजा आकडा जाहीर होतो. तो ऐकून काही प्रशिक्षक शेवटच्या घटकेला आपला घोडा मागे घेतात. बुकींच्या फळ्यावरचे भाव त्याबरोबर हलतात. ज्याला पाहायलाच जायचे आहे त्याने पैसे लावण्याच्या भानगडीत न पडता या वेळी परेडच्या कठड्याशी उभे राहावे. कोणता घोडा शांत आहे, कोणाला आताच घाम फुटला आहे, कोण लगाम चावतो आहे, हे फुकट दिसते. बुकींना हे सगळे आधीच ठाऊक असते, म्हणून तर त्यांची दुकाने चालतात.

पायांत मात्र जाड तळाचे बूट हवेत आणि छत्री हवीच. चारला शर्यत सुटते, दहा मिनिटांत संपते. पाठोपाठ मैदानाची माणसे फावडी आणि बादल्या घेऊन बाहेर पडतात. बीचर्सच्या पलीकडे जेथे शेकडो खूर आपटले आहेत तेथे ती वाकून एकेक खळगा माती आणि गवताच्या बियांनी भरू लागतात. डिसेंबरमध्ये याच जमिनीवर पुन्हा घोडे उतरायचे असतात.